ट्रान्सप्लांटनंतर घरी: कडक कुठे राहायचं, सैल कुठे सोडायचं

प्रश्न: माझ्या पतींना ल्युकेमिया होता. दीड महिन्यापूर्वी त्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. पेशी त्यांच्या सख्ख्या बहिणीनं दिल्या. घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. काउंट चांगले आहेत असं डॉक्टर म्हणतात, पण हे दिवसभर पडून असतात, दोन घास खाऊन ताट सरकवतात, चिडचिड करतात. मी दिवसातून तीनदा फरशी पुसते, भांडी उकळते, कोणाला घरात येऊ देत नाही. हे असं किती दिवस चालणार? नेमकं काय पाळायचं आणि काय सोडून दिलं तरी चालेल?

उत्तर: ताई, शेवटचा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. तो फारसा कोणी विचारत नाही. ट्रान्सप्लांट वॉर्डात आणि नंतर फॉलो-अप ओपीडीत परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली. घरी गेल्यावर जी कुटुंबं कोलमडतात ती निष्काळजी क्वचितच असतात. ती सगळ्याच गोष्टी सारख्याच कडकपणे पाळायला जातात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा बारीक लक्ष ठेवायची वेळ येते, तेव्हा कोणाच्याच अंगात त्राण उरलेलं नसतं. तुमचा फरशीवरचा वेळ दुसरीकडे वळवायचा आहे. कुठे, ते सांगते.

आधी ‘काउंट चांगले आहेत’ याचा अर्थ समजून घ्या. संसर्गाशी पहिल्या फळीत लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दात्याच्या मूळपेशी रुजल्या की साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतात. रिपोर्टमध्ये तुम्हाला दिसतो तो हा आकडा. पण विषाणूंना ओळखून लक्षात ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची घडी बसायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. लहानपणापासून घेतलेल्या लसींची आठवणसुद्धा बऱ्याच अंशी पुसली जाते. त्यातच नव्या पेशींनी त्यांच्या शरीरावर उलटू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखं औषध चालू असतं आणि ते प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतं. म्हणून आकडा नॉर्मल आणि माणूस मात्र संसर्गाला उघडा, अशी ही विचित्र अवस्था असते.

जाता जाता आणखी एक. तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की आमच्या ओळखीतले एक जण ट्रान्सप्लांटनंतर तीन महिन्यांत कामावर गेले. आधी विचारा, पेशी स्वतःच्या होत्या की दुसऱ्याच्या? मायलोमा आणि लिम्फोमा या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरांमध्ये बहुतेक वेळा रुग्णाच्याच पेशी आधी काढून, साठवून परत दिल्या जातात. त्यात पेशी उलटण्याचा प्रश्न नसतो, दाबून ठेवणारी औषधं नसतात, तीन ते सहा महिन्यांत बरीच गाडी रुळावर येते. तुमच्या पतींचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याचं वेळापत्रकही वेगळं आहे. तुलना करून दोघांनीही मन खट्टू करून घेऊ नका.

आता कडक कुठे राहायचं ते.

पहिलं म्हणजे ताप. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा (तुमच्या टीमनं वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा). सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ताप मोजायचा, आणि अंग कसंतरी वाटलं की वेळ न बघता पुन्हा मोजायचा. आकडा गाठला की फोन. रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य या वर्षापुरतं घरातून हद्दपार करा. आणि सर्वांत महत्त्वाचं, टीमशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही. ताप उतरतो, आकडा छान दिसतो आणि रक्तातला संसर्ग आत वाढत राहतो. चुकून नाही, प्रेमापोटी दिली जाते ही गोळी. ते स्टिरॉइडवर असतील तर आणखी सावध राहा, कारण स्टिरॉइड ताप झाकून टाकतं. मग ताप नसतानाही हुडहुडी, अचानक गळून जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, श्वास जोरात चालणं याला तापाइतकंच महत्त्व द्यायचं. छातीतली किंवा दंडातली लाइन (औषधं देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) अजून असेल तर ती फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून साफ केल्यावर, अर्ध्या-पाऊण तासात थंडी वाजून आली, तर संसर्ग लाइनमध्ये असण्याची दाट शक्यता असते. फोनवर हे वाक्य आवर्जून सांगा. त्यावरून पुढचे निर्णय पटकन होतात.

दुसरं म्हणजे हात. तुम्ही फरशीसाठी जेवढे कष्ट घेता त्याच्या पाव हिश्श्यात हातांचं काम होतं आणि फायदा कितीतरी जास्त. साबण लावून वीस सेकंद, स्वयंपाकाआधी, औषधं काढण्याआधी, लाइनला हात लावण्याआधी, बाहेरून आल्यावर, शौचालयातून आल्यावर. घरातल्या सगळ्यांनी, आणि त्यांनी स्वतःसुद्धा. फरशी दिवसातून एकदा ओल्या फडक्यानं पुसली की पुरे. कोरडी झाडझूड ते खोलीत असताना करू नका, धूळ उडते. भांडी उकळणं थांबवा. गरम पाणी, साबण आणि नीट वाळवणं एवढं बस्स.

माणसं पूर्ण बंद करू नका. एका वेळी एक-दोन निरोगी माणसं, थोडा वेळ, हात धुऊन आली तर त्यांचा उपयोगच होतो. फक्त सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असलेल्यांना दारातूनच परत पाठवा, संकोच नको. घरातल्यांनी फ्लूची लस घ्यावी, ते तुमच्या पतींभोवतीचं कुंपण आहे. घरातल्या किंवा येणाऱ्या बाळाला तोंडावाटे देण्याची पोलिओ किंवा रोटाव्हायरसची लस द्यायची असेल तर आधी टीमला विचारा, कारण जिवंत विषाणू काही काळ बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. कांजिण्या किंवा नागीण झालेल्या माणसाजवळ ते चुकून बसले होते असं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. प्रतिबंधक उपाय लवकर केला तरच लागू पडतो.

ज्या धोक्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत तो बुरशीचा. बांधकामाची धूळ, भिंत फोडणं, ओल आलेली खोली, कुंड्यांतली माती, कुजलेला पालापाचोळा या सगळ्यात अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्याचं काही बिघडत नाही. ट्रान्सप्लांटनंतर मात्र तीच बुरशी फुप्फुसात घर करू शकते. म्हणून शेजारी तोडफोड चालू असेल तर खिडक्या बंद, बाहेर पडताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, आणि घराचं रंगकाम-दुरुस्ती पुढच्या वर्षावर. बागकाम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. पाळीव प्राणी असेल तर त्याला घालवून देण्याची गरज नाही, पण त्याची घाण काढणं, पिंजरा किंवा माशांची टाकी धुणं हे काम त्यांनी करायचं नाही.

तिसरं औषधं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण घरी होणाऱ्या गडबडी सर्वांत जास्त इथेच होतात.

टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. कमी झालं तर नव्या पेशी उलटतात, जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो, हात थरथरतात, रक्तदाब चढतो, मॅग्नेशियम घसरतं. दिवसातून दोनदा असेल तर बारा तासांच्या अंतरानं, रोज त्याच वेळी. ज्या सकाळी या औषधाची पातळी तपासायची असते त्या सकाळी रक्त देईपर्यंत तो डोस घ्यायचा नाही. पातळी मोजतात ती पुढच्या डोसच्या अगदी आधीची. सवयीनं सकाळी सातला गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस उगाच कमी केला जाऊ शकतो. गोळी सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच घ्या. घेतली गेलीच असेल तर लपवू नका, किती वाजता घेतली ते सांगा.

या औषधाला इतर गोष्टी फार लवकर लागतात. बुरशीविरोधी काही गोळ्या त्याची पातळी वाढवतात. ती गोळी बंद झाली की पातळी खाली येते. म्हणून एक औषध बदललं की ‘टॅक्रोलिमस तपासायचं का?’ हा प्रश्न तुम्हीच विचारा. जुलाब लागले की ही पातळी घसरेल असं वाटतं, पण बऱ्याचदा ती वाढते. ग्रेपफ्रूट आणि त्याचा रस पूर्ण वर्ज्य. वनस्पतींचे अर्क, काढे, ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पावडरी, सेंट जॉन्स वर्टसारख्या गोळ्या, कोणी कितीही आपुलकीनं आणून दिल्या तरी बाजूला ठेवा. इथे आपण प्रतिकारशक्ती ठरवून लगाम घालून ठेवली आहे, ती चाबूक मारून उधळायची नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तरी मनानं परत देऊ नका, विचारा. आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नव्या आणून ठेवा.

औषधांचा डबा कोणी भरायचा? ते शुद्धीवर आणि समजूतदार आहेत, तर त्यांनी. तुम्ही फक्त तपासायचं. हे मी चिडचिडीच्या संदर्भात पुन्हा बोलणार आहे.

चौथं म्हणजे दात्याच्या पेशींच्या खुणा. तुमच्या नणंदेच्या पेशी आता तुमच्या पतींच्या अस्थिमज्जेत राहायला आल्या आहेत. त्या त्यांच्या त्वचेला, आतड्याला, यकृताला परकं समजून हल्ला करू लागल्या की त्याला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट म्हणतात. वॉर्डात आम्ही सगळे नुसतं जीव्हीएचडी म्हणतो. रोज आंघोळीच्या वेळी तळहात, तळपाय, कानामागे आणि छातीवर लाली, पुरळ, आग होणं दिसतं का बघा. जुलाब होत असतील तर किती वेळा, साधारण किती, रक्त किंवा हिरवट पाणी आहे का, हे लिहा. ‘पोट बिघडलंय’ एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर कळवा. पुरळाचा फोटो काढून ठेवा, कारण ओपीडीच्या दिवशी ते हमखास फिकं पडलेलं असतं.

हे वाचून घाबरू नका. या हल्ल्याची एक चांगली बाजूही आहे. ज्या पेशी शरीराला परकं समजतात त्याच उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींनाही परकं समजून मारतात. सिएटलच्या ट्रान्सप्लांट गटानं १९७९ साली दाखवलं की ज्यांना जीव्हीएचडी होतो त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण कमी असतं. आणि हुबेहूब जुळ्या भावंडाच्या पेशी मिळालेल्यांमध्ये, जिथे जीव्हीएचडीचा त्रास जवळपास नसतो, तिथे आजार परतण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा थोडीशी खूण दिसली म्हणजे ट्रान्सप्लांट फसलं असं मुळीच नाही. लवकर कळवलं तर बऱ्याचदा मलम किंवा थोडे दिवस स्टिरॉइड देऊन भागतं. उशिरा कळवलं तर आतड्याचा जीव्हीएचडी माणसाला परत वॉर्डात नेतो.

बहिणीच्या पेशी भावाला दिल्या की उशिरा येणाऱ्या, म्हणजे क्रॉनिक जीव्हीएचडीची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून ट्रान्सप्लांटपासूनच्या शंभराव्या दिवसानंतरही डोळे उघडे ठेवा. शंभर दिवस हा टप्पा सोयीसाठी आहे, त्या रात्री काही कुलूप लागत नाही. औषधाचा डोस उतरवायला सुरुवात झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, तोंड कोरडं पडणं, गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा, कातडी ताठ होणं, सांधे आखडणं हे हळूहळू येतं. हळूहळू येतं म्हणूनच ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. यात सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते श्वासाकडे. मागच्या महिन्यात जो जिना सहज चढत होते तो आता धाप लागून चढतात, किंवा कोरडा खोकला जातच नाही, असं झालं तर लगेच फुप्फुसाची क्षमता तपासायला सांगा. फुप्फुसातलं नुकसान वेळेत पकडलं तर थांबवता येतं, गेलेलं सहसा परत मिळत नाही. आणि ऊन टाळा. उन्हानं त्वचेचा जीव्हीएचडी भडकू शकतो. पूर्ण बाह्या, टोपी, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं क्रीम, ढगाळ दिवशीसुद्धा.

आता सैल सोडायच्या गोष्टी. जेवणापासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरातली खरी भांडणं तिथेच होत असणार.

त्यांना जेवावंसं वाटत नाही यात हट्ट नाही. जोरदार केमोनं तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलून निघालेलं असतं, चवीच्या कळ्या मेलेल्या असतात, लाळ घट्ट झालेली असते. मांसाला धातूची चव लागते, गोड नकोसं होतं, जो पदार्थ आवडीचा होता त्याच्या वासानंच मळमळतं. चव परतायला दोन-तीन महिने आरामात लागतात, कधी जास्तही. तोवर मोठं ताट समोर ठेवणं म्हणजे रोज परीक्षेला बसवणं. दिवसभरात सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. गरम वाफाळत्या अन्नाचा वास जास्त येतो, त्यामुळे कोमट किंवा थंड पदार्थ बऱ्याच जणांना सोपे जातात. चावायचा कंटाळा असेल तर उष्मांक आणि प्रथिनं पिण्यातून द्या. स्वयंपाक चालू असताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. आणि ‘अजून एक घास’ म्हणणं बंद करा. आठवड्यातून दोनदा वजन करा. ते घसरत राहिलं तर आहारतज्ज्ञांशी बोला. तुमची जबाबदारी तिथे संपते.

जंतूंच्या भीतीनं सगळी ताजी फळं-भाज्या बंद करण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. इटलीतल्या अनेक केंद्रांत मिळून झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत न्यूट्रोफिल अगदी खाली असतानासुद्धा असा कडक आहार आणि साधा, स्वच्छ आहार यांत संसर्गाच्या बाबतीत फरक दिसला नाही. तुमच्या केंद्राचे नियम पाळाच, कारण ते तुमच्या पतींची तब्येत ओळखतात. पण सर्वसाधारणपणे वाहत्या पाण्याखाली नीट धुतलेलं, ताजं कापलेलं, न डागाळलेलं फळ चालतं. टाळायचं ते कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, मासे, अंडी, पाश्चराइज न केलेलं दूध आणि त्याचे पदार्थ, कच्ची मोड आलेली कडधान्यं, बुरशी घालून केलेलं चीज, उघड्यावरचं कापलेलं खाणं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमधलं काढलं तर वाफ येईपर्यंत तापवा. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी परत कडक होते. टॅक्रोलिमस चालू असताना मूत्रपिंडाला पाणी कमी पडू देऊन चालत नाही. टीमनं सांगितलेलं प्रमाण (बहुतेकांना दिवसाला दोन ते तीन लिटर, हृदयाचा किंवा सुजेचा त्रास नसेल तर) एका बाटलीवर खुणा करून ठेवा. जेवण बुडालं तर त्या दिवशी फार बिघडत नाही, पण पाणी बुडालं तर दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिनमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत, दिसतं.

दिवसभर पडून राहण्याबद्दल. हा थकवा झोपेनं जात नाही, हे आधी तुम्ही मान्य करा, मग त्यांना पटेल. अंगात रक्त अजून कमी आहे, शरीर नवी अस्थिमज्जा उभारतंय, झोप मोडलेली आहे, स्नायू झडले आहेत. स्टिरॉइड चालू असेल तर मांड्या आणि खांदे आधी जातात. खुर्चीच्या हाताला टेकू न देता उठता येतं का, यावरून कळतं. अंथरुणात राहिलं तर हे वाढतच जातं. म्हणून आराम भरपूर, पण तुकड्यांत. जेवण अंथरुणात नाही, टेबलापाशी किंवा खुर्चीत. सकाळी कपडे बदलायचे. पाच-पाच मिनिटं घरातल्या घरात चालणं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि दर काही दिवसांनी एकेक मिनिट वाढवणं. खुर्चीतून उठ-बस, आधी दोनदा, मग तीनदा. दुपारची झोप पाऊण तासाच्या आत. ज्या दिवशी ओपीडी असेल त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. प्लेटलेट्स कमी असतील तर वजन उचलणं, जोर लावणं टाळायचं. किती कमी असताना काय चालेल ते फिजिओथेरपिस्टना विचारा. कालपर्यंत जे चालत होते ते आज अचानक उठूच शकत नाहीत, तर तो नेहमीचा थकवा समजू नका, कळवा.

चिडचिडीचं थोडं औषधांवर जातं. स्टिरॉइडनं झोप उडते, डोकं भणभणतं, माणूस क्षुल्लक गोष्टीवर भडकतो आणि मग स्वतःच ओशाळतो. बाकीचं येतं ते परावलंबनातून. कर्ता माणूस, आणि बायको लघवीचं माप लिहून ठेवते. म्हणून मी म्हटलं की औषधांचा डबा त्यांच्याकडे द्या. ताप, वजन, पाणी, जुलाब यांची वहीदेखील त्यांनीच लिहावी. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यावर नजर टाका. काळजी घेण्यातला थोडा भाग त्यांच्या हातात गेला की घरातला आवाज बराच खाली येतो, असं मी अनेक घरांत पाहिलंय. एखादा शब्द आठवत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, हेही काही महिने चालतं. वही तिथेही कामी येते.

बहिणीचं ओझंही त्यांच्या मनावर असू शकतं. ‘तिनं एवढं दिलं, आणि मी इथे पडून आहे.’ आणि पुढे काही त्रास झाला तर नणंदेला वाटेल की माझ्याच पेशींनी त्रास दिला. दोघांशीही हे आधीच, हलक्या आवाजात, बोलून ठेवा. पेशींचं वागणं कोणाच्या हातात नसतं.

बोन मॅरोच्या तपासणीआधीचे आठ दिवस घरात तंग जातात, ते सगळ्यांकडेच तसे जातात. पण सलग दोन-तीन आठवडे कशातच रस नाही, कोणाशी बोलणं नको, ‘यापेक्षा गेलो असतो तर बरं’ असं तोंडून आलं, तर ते ऐकून सोडून देऊ नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. तसं असेल तर एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी टीमला सांगा. ट्रान्सप्लांटनंतरचं नैराश्य उपचारानं बरं होतं.

तुमचं काय? पहिले शंभर दिवस चोवीस तास कोणीतरी जवळ हवं असं बहुतेक केंद्रं सांगतात. ते कोणीतरी सतत एकच माणूस असावं असं कुठेही लिहिलेलं नाही. दुसरा माणूस आत्ताच शिकवून तयार करा: ताप किती झाला की फोन, कोणता नंबर, गोळ्या कुठे. कारण तुम्हाला सर्दी-ताप झाला की तुम्हालाच वेगळ्या खोलीत, मास्क लावून बसावं लागेल. आठवड्यातून एक दुपार घराबाहेर जा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल विचारायला संकोचता म्हणून मीच सांगते. जवळ बसणं, मिठी, एका पलंगावर झोपणं यात काही अडचण नाही, तुम्हाला संसर्ग नसला की झालं. शरीरसंबंध प्लेटलेट्स पुरेशा वर आल्यावर (बऱ्याच ठिकाणी ५०,००० ही खूण धरतात) आणि सुरुवातीला कंडोम वापरून. इच्छा मंदावणं हे संप्रेरकं, औषधं आणि थकव्यामुळे होतं. महिने लागतात आणि त्यावर उपायही आहेत. ओपीडीत नर्सला एकटं गाठून विचारा, आम्हाला त्याची सवय असते.

आता ‘किती दिवस’. साधारण चित्र असं. पहिल्या शंभर दिवसांत आठवड्यातून एक-दोन फेऱ्या, रक्ततपासण्या, सीएमव्ही नावाच्या, प्रतिकारशक्ती कमी असताना डोकं वर काढणाऱ्या विषाणूवर पाळत. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बोन मॅरो आणि कायमेरिझमची तपासणी, म्हणजे रक्तात किती टक्के पेशी बहिणीच्या आहेत ते पाहणं. तुमच्या पतींच्या रक्तपेशींत आता बहिणीची दोन एक्स गुणसूत्रं सापडतील; दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर तोही काही महिन्यांत बहिणीचा होईल. सगळं ठीक असेल तर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान टॅक्रोलिमस हळूहळू उतरवतात. हा उतार सुरू झाला की बाकी सैल आणि खुणांकडे लक्ष दुप्पट. केस तीन ते सहा महिन्यांत परततात, कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे. लसी साधारण सहाव्या महिन्यापासून लहान बाळासारख्या पहिल्यापासून सुरू होतात; गोवर-गालगुंडासारख्या जिवंत विषाणूच्या लसी मात्र दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि तेही जीव्हीएचडी व दाबून ठेवणारी औषधं नसतील तरच. नागिणीविरुद्धची अ‍ॅसायक्लोव्हिर किमान वर्षभर चालते, न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाविरुद्धची गोळी निदान सहा महिने. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनानं थांबवू नका. कामावर परतणं बहुतेकांना सहा महिने ते वर्षानंतर जमतं, आधी अर्धा दिवस. गाडी चालवणं हात थरथरायचे थांबल्यावर, डोकं जागेवर आल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. सार्वजनिक तलावात पोहणं बऱ्याच उशिरा.

दुसऱ्या वर्षानंतरही वर्षातून एकदा थायरॉइड, डोळे, हाडांची घनता, त्वचा, तोंड आणि रक्तातली साखर-कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं असतं. संपूर्ण शरीराला रेडिएशन दिलं असेल तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. दातांचं तातडीचं नसलेलं काम पहिले सहा महिने टाळा, आणि नंतरही दंतवैद्याकडे जाण्याआधी टीमला विचारा. आणखी एक कागद त्यांच्या पाकिटात कायम असू द्या: ट्रान्सप्लांट कोणत्या तारखेला, कोणाच्या पेशी, सध्या कोणती औषधं, कोणती अ‍ॅलर्जी, टीमचा फोन, आणि ठळक अक्षरात ‘रक्त व प्लेटलेट्स फक्त इरॅडिएट केलेल्याच (रेडिएशन देऊन तयार केलेल्या) द्या’. अपघातात किंवा परगावी दुसऱ्या रुग्णालयात रक्त चढवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना हे आपोआप कळत नाही. येत्या ओपीडीला त्या कागदावर टीमची सही आणि शिक्का घेऊन या.